पोटमाळ्यावरून आलेला पत्ता

जुलै लागला की हिंदमाताच्या कापडबाजारात दुकानदारांना भरतीच्या वेळा तोंडपाठ होतात. हा भाग खोलगट. दादर, नायगाव, परळ अशा आजूबाजूच्या चढावरून पाणी उतरून इथे येतं, आणि समुद्र चढलेला असला की त्याला पुढे जायला वाट नसते. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्यापासून ते पूर्वीइतकं रेंगाळत नाही. तरीही 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो दिवस ज्यांनी या रस्त्यावर काढला, ते इशारा आला की अजूनही आधी माल उचलतात आणि मग आकाशाकडे बघतात.

आपल्या गोष्टीतलं दुकान होलसेल साड्यांचं. दुकान आणि माणसं कल्पनेतली, बिघाड मात्र अगदी खरा, कुठल्याही कचेरीत उद्या सकाळी होऊ शकेल असा. खाली तीन काउंटर, मागे हिशेबाची खोली, आणि शिडीने चढून जायचा पोटमाळा. पॅकिंग तिथे चालायचं. गौरी-गणपती तोंडावर आलेले, कोकणातले आणि घाटावरचे दुकानदार माल उचलायला येत होते. अशात एका संध्याकाळी मुसळधार पावसाचा इशारा आला, त्यात रात्री साडेचार मीटरच्या वरची भरती. "खालचे गठ्ठे वर घ्या रे," शेठ म्हणाले. सगळी पोरं कामाला लागली, पोटमाळा पत्र्यापर्यंत भरला. रात्री पाणी ओट्याच्या वरच्या पायरीशी येऊन थांबलं. दुकान वाचलं.

सकाळी साडेदहाला शटर वर गेलं आणि बिलिंग बसलं.

सगळंच बसलं असतं तर शोधायला सोपं होतं. पहिला आणि तिसरा काउंटर बिलाच्या सर्व्हरपर्यंत पोचेना, दुसरा पोचत होता. काकांच्या, म्हणजे हिशेबनिसांच्या खोलीत सारं सुरळीत. बारकोडच्या प्रिंटरचे दिवे हिरवे, पण पहिल्या काउंटरवरून स्टिकर निघेना. तिसऱ्या काउंटरवरच्या वहिनींनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर तो चालू लागला. ते बघून दुसऱ्या काउंटरवरच्या मुलाने आपलाही बंद-चालू केला, आणि त्याचा चांगला चाललेला बसला. समोर रत्नागिरीहून आलेलं गिऱ्हाईक साड्यांचा ढीग निवडून उभं. शेठ इंटरनेटवाल्याला फोन लावून ओरडले. त्याने तपासून सांगितलं, लाइन चालू आहे. ती खरंच चालू होती.

मग ताईंना बोलावलं. ताई लालबागच्या. बाजारातल्या बऱ्याच दुकानांचं नेटवर्क त्या बघत. हातात बॅग, पायांत पावसाळी चपला, सलवार घोट्याच्या वर दुमडलेली, अशा त्या चालतच आल्या.

पहिल्या काउंटरवर बसून त्यांनी काळी खिडकी उघडली आणि "आयपीकॉन्फिग ऑल" ही आज्ञा दिली. ओळींची रांग उतरली. त्यातल्या दोनच ओळींवर त्यांनी बोट ठेवलं. कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता 192.168.0.104. हा पत्ता ज्याने दिला तो डीएचसीपी सर्व्हर 192.168.0.1. या दुकानातले सगळे पत्ते 192.168.10 ने सुरू होतात, हे त्यांना ठाऊक होतं. मांडणी त्यांनीच केली होती.

"काका, दुकानात पत्ते वाटायला दुसरं कुणी ठेवलंय का?"

"कसले पत्ते?" काकांनी चष्मा वर केला.

काका रोज बिल्टीवर सहा आकड्यांचा पिनकोड लिहितात. हिंदमाताचा 400014. ही पद्धत आखली टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आणि ती देशभर लागू झाली 15 ऑगस्ट 1972 ला. पिनकोड टपाल खातं ठरवतं, म्हणून तो चालतो. नाक्यावर उभा असलेला कुणीही नव्या बिऱ्हाडाला "तुमचा पिन अमुक" असं सांगू लागला आणि बिऱ्हाडकरूही मुकाट लिहून घेऊ लागला, तर पत्रं कुठे जातील? ताईंनी काकांना हेच विचारलं. कॉम्प्युटरचं नेमकं तसं होतं. चालू होताना त्याच्याकडे पत्ता नसतो. तो वायरवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो: कुणी पत्ता देता का? ज्याला देता येतो तो म्हणतो, हा घे. कॉम्प्युटर म्हणतो, घेतला. देणारा म्हणतो, मग तो आता तुझा, अमुक तासांसाठी. चार वाक्यांत व्यवहार संपतो. कुणी हाताने काही टंकायला नको.

हा व्यवहार राल्फ ड्रॉम्स यांनी मार्च 1997 च्या आरएफसी 2131 या दस्तऐवजात लिहून ठेवला आहे. त्याच्या आधी 1985 पासून बूटपी नावाची साधी पद्धत होती. मला या दस्तऐवजाबद्दल आदर आहे तो त्यातल्या सुरक्षेवरच्या लहानशा भागामुळे. ही पद्धत सध्याच्या रूपात बरीच असुरक्षित आहे आणि परवानगी नसलेला सर्व्हर कुणीही सहज उभा करू शकेल, असं तिथे आडपडदा न ठेवता सांगितलेलं आहे. करणाऱ्यांनी भोक दाखवून ठेवलं होतं. ते बुजवायचं काम पुढच्यांचं.

"पण आपला खरा वाटणारा चालू आहे ना?" शेठनी विचारलं. "मग ह्या दुसऱ्याचं ऐकलं का?"

कारण दुसरा आधी बोलला. दुकानाच्या मुख्य राउटरला ताईंनी एक शिस्त लावली होती. पत्ता देण्याआधी तो त्या पत्त्यावर एक हाक टाकून बघायचा की तिथे आधीच कुणी बसलेलं तर नाही. आरएफसीही सर्व्हरला तेच सुचवतो. या चौकशीत थोडा वेळ जातो, सेकंदभरही नाही, पण जातो. दुसऱ्याला असली काही शिस्त नव्हती. हाक आली की लगेच उत्तर. आणि कॉम्प्युटर सहसा पहिलं आलेलं उत्तर उचलतो. तपासून बोलणारा मागे पडला, न तपासता बोलणारा पुढे गेला. यंत्राला यात भलंबुरं काही कळत नाही. त्याला फक्त आधी काय आलं तेवढं कळतं.

काकांचा कॉम्प्युटर वाचला तो त्यांच्या एका सवयीमुळे. ते तो रात्री बंदच करत नसत. चालू राहिलेला कॉम्प्युटर मुदत निम्मी झाली की ज्याने पत्ता दिला त्यालाच थेट गाठून ती वाढवून घेतो, चारचौघांत हाक मारत नाही. काउंटरवरचे कॉम्प्युटर रात्री बंद होत, आठ तासांची मुदत पहाटेपर्यंत संपून जाई, आणि सकाळी ते कोऱ्या पाटीने हाक मारत. दुसऱ्या काउंटरचं नशीब पहिल्या खेपेला चांगलं निघालं, दुसऱ्या खेपेला फिरलं.

आता हा दुसरा बसलाय कुठे? ताईंनी त्याच कॉम्प्युटरवरून 192.168.0.1 चा मॅक अॅड्रेस काढला, म्हणजे यंत्रात कारखान्यातच कोरलेला बारा अक्षर-अंकी क्रमांक. मग भिंतीवर उंच ठोकलेल्या रॅकमधल्या चोवीस पोर्टच्या स्विचमध्ये शिरून विचारलं, हा क्रमांक तुला कुठल्या पोर्टवर दिसतो? उत्तर आलं, सतरा. सतराची वायर पोटमाळ्यावर जात होती.

"उपटा ती सतराची," शेठ म्हणाले.

"उपटते. एक मिनिटाचं काम आहे. उद्या नवाला कुणी लावलं तर?" ताई म्हणाल्या. "आणि सतरा उपटली तर वरचं पॅकिंगही बंद."

या स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय पहिल्यापासून होती. स्विच घेतला त्या दिवसापासून ती बंदच होती, कारण चालू करायला कुणी सांगितलं नव्हतं. शेठच्या मते दुकानातली सगळी माणसं घरचीच, मग पहारा कुणावर? ताईंनी तेव्हा एकदा सुचवून पाहिलं होतं, पुढे जोर धरला नव्हता.

आता त्यांनी क्रम चुकू न देता काम केलं. मुख्य राउटरची वायर चोवीस नंबरला येते. आधी चोवीस नंबरला विश्वासाचा पोर्ट ठरवलं, मग सोय चालू केली. उलट क्रमाने केलं असतं तर खऱ्या सर्व्हरचंच तोंड बंद झालं असतं आणि दुकानात एकालाही पत्ता मिळाला नसता. सोय चालू होताच बाकीचे तेवीस पोर्ट आपोआप अविश्वासाचे झाले. हा शब्द ऐकून काका जरा दचकले. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर तीन नंबरला. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे, काका. तीन नंबरला पत्ते वाटायचा अधिकार नाही, एवढंच. मागायचा आहे."

अविश्वासाच्या पोर्टवरून कुणीही पत्ता मागू शकतो. पण तिथून "हा घे", "तुझा झाला" किंवा "नाही मिळणार" असं सर्व्हरच्या थाटाचं काही आलं तर स्विच ते तिथेच गिळतो, पुढे जाऊ देत नाही. शिवाय तो वही ठेवतो: कुठल्या पोर्टवरच्या कुठल्या मॅकला कुठला पत्ता किती मुदतीसाठी मिळाला. उद्या कुणी खोट्या क्रमांकांनी पत्त्यांचा सगळा साठा मागून संपवू लागला तर एका पोर्टवरून सेकंदाला किती मागण्या चालतील यावर बांध घालता येतो. त्या वहीच्या आधाराने दुसऱ्याच्या पत्त्यावर हक्क सांगणाऱ्यालाही अडवता येतं. ताईंनी ते त्या दिवशी चालू केलं नाही. वही अजून कोरी होती, आणि बिलाचा सर्व्हर व प्रिंटर यांचे पत्ते हाताने घातलेले, ते वहीत आपोआप येणार नव्हते. त्यांच्या नोंदी आधी हाताने करायच्या, वही स्विच बंद पडला तरी टिकेल अशी फाइलमध्ये साठवायची, मग पुढचं पाऊल. चांगला कारागीर गर्दीच्या दिवशी सगळे स्क्रू एकदम पिळत नाही, हे मला त्यांच्याबद्दल विशेष वाटतं.

तिन्ही काउंटरवर जुना पत्ता सोडायला लावून नवा मागवला. 192.168.10. बिल निघालं, स्टिकर निघाले, रत्नागिरीच्या गिऱ्हाइकाने पैसे मोजले.

पोटमाळ्यावरून मात्र हाक आली: "आमचं अजून बंदच!"

ताईंनी सतरा नंबर बघितला. स्विच तिथून येणारी उत्तरं इमानाने टाकून देत होता, टाकलेल्यांचा आकडा वाढत होता. तरी वरचे दोन कॉम्प्युटर खोट्या पत्त्यावर. याचा अर्थ एकच. वर सतराच्या वायरला आणखी एक पाच पोर्टचा साधा स्विच लावलेला होता, आणि हाक-उत्तर त्या साध्या स्विचच्या आतल्या आत उरकत होतं. खालच्या पहारेकऱ्याच्या दारावर ते येतच नव्हतं. त्याला जे ऐकूच येत नाही ते तो कसं अडवणार? स्नूपिंगची ही मर्यादा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खाली बसून, कळफलक बडवून पुढे काही होणार नव्हतं. शिडी चढायला हवी होती.

वर उकाडा आणि कोऱ्या कापडाचा वास. गठ्ठ्यांच्या दोन थप्प्यांमधून आडवं होऊन जावं लागलं. ताडपत्रीच्या मागे, भिंतीला टेकून, दोन शिंगांचा काळा जुना वायफाय राउटर चमकत होता. त्याच्या पाठीवर चार पिवळी भोकं एका रांगेत आणि बाजूला एक निळं. वायर पिवळ्यात होती. निळं रिकामं.

"हा कुणाचा?"

पॅकिंगची पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग बारक्या पुढे आला. नायगावच्या चाळीत राहणारा, दुकानात सगळ्यांत धाकटा. "माझा, ताई. घरी पडून होता."

"कधी लावलास?"

"गेल्या आठवड्यात. वर रेंज येत नाही. गावचे दुकानदार फोटो मागतात साड्यांचे, तर दर वेळी शिडी उतरून रस्त्यावर जाऊन पाठवायला लागायचे. हा लावला तर इथूनच जायला लागले. चांगला चालत होता. काल गठ्ठे वर घेताना वायर निघाली. अंधारात परत लावली."

"निळ्यात होती?"

"निळ्यात होती." थोडं थांबून तो म्हणाला, "भोकं सारखीच आहेत ना."

दिसायला सारखीच. निळ्या भोकात वायर असली की हा राउटर वरच्याकडून पत्ता मागणारा असतो, स्वतःपुरता एक घेतो आणि गप्प बसतो. तीच वायर एका बोटाच्या अंतरावर पिवळ्यात गेली की तो वाटणारा होतो, आणि सबंध दुकानाच्या हाकेला ओ देऊ लागतो. बारक्याच्या हातून एवढंच झालं होतं.

शेठ शिडीच्या खाली उभे राहून ऐकत होते. "पगारातून कापा," ते काकांना म्हणाले. "सकाळचा धंदा गेला."

काकांनी पेन उचललं नाही. त्यांनी आपली लांबट वही मागे उलटली आणि एप्रिलातली एक नोंद, स्वतःच्याच अक्षरातली, मोठ्याने वाचली: पॅकिंगची मुलं म्हणतात वर रेंज नाही, सोय करणे. त्या ओळीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. "हे मी तुम्हाला सांगायचं राहिलं, शेठ," काका म्हणाले. "कापायचं तर माझ्यापासून कापा."

शेठ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, चोर नव्हता, आपलंच पोर होतं. मग ते खालचं कुलूप काढून टाका, ताई. उगाच उद्या त्याचीच भानगड."

ताई खाली उतरल्या आणि शेठच्या समोर बसल्या. "शेठ, आपलंच पोर होतं म्हणून तर कळलं. याच्या राउटरच्या मागे काही नव्हतं, म्हणून बिलिंग अडलं आणि तुम्ही मला बोलावलंत. ज्याला चोरायचं आहे तो काहीच अडू देत नाही. तो तुमच्या कॉम्प्युटरला पत्ता बरोबर देतो, आणि बाहेर जायचा रस्ता म्हणून स्वतःचं नाव सांगतो. बिल निघतं, पैसे जमा झालेले दिसतात, सगळं त्याच्या हातातून जातं. सहा महिने तुम्ही मला फोन करणार नाही."

यात अतिशयोक्ती नाही. 2024 च्या मे महिन्यात सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की याच पत्ता वाटण्याच्या व्यवहारातली, 2002 पासून असलेली एक सोय वापरून खोटा सर्व्हर व्हीपीएनमधून जाणारी वाहतूकही बाहेरच्या बाहेर वळवू शकतो. वापरणाऱ्याला मात्र आपण सुरक्षित बोगद्यात आहोत असंच दिसत राहतं. त्या हल्ल्याला त्यांनी टनेलव्हिजन असं नाव दिलं. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं विमानतळावर, हॉटेलात ज्या व्हीपीएनच्या भरवशावर काम करतात, त्याची ही गत. हिंदमाताच्या दुकानात तर व्हीपीएनही नव्हतं.

कुलूप राहिलं. त्याच आठवड्यात ताईंनी पोटमाळ्यावरचा साधा स्विच काढून त्या जागी स्नूपिंग येणारा लहान स्विच बसवला. त्याच्याही एकाच पोर्टवर, खालून येणाऱ्या वायरीच्या पोर्टवर, विश्वास ठेवला. तुळईला एक नीट अॅक्सेस पॉइंट लावला आणि पोरांच्या फोनसाठी वेगळं जाळं काढून दिलं, म्हणजे त्यांच्या फोनचा बिलाच्या सर्व्हरशी संबंध उरला नाही. खर्च शेठनी दिला. काकांनी एप्रिलातल्या नोंदीपुढे तारीख घातली.

जाण्याआधी ताईंनी बारक्याला वर बोलावलं. "तुझा राउटर आण. लाव पुन्हा पिवळ्यात."

तो घाबरला. "दुकान बंद पडेल."

"लाव तर."

त्याने लावला. ताईंनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. वरच्या स्विचच्या चार नंबरच्या पोर्टपुढे टाकलेल्या उत्तरांचा आकडा शून्यावरून एक झाला, मग तीन. खाली तिन्ही काउंटर धडधड बिलं काढत होते. बारक्या वाकून त्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच वायर काढली, निळ्यात घातली, आकडा वाढायचा थांबला. पुन्हा पिवळ्यात घातली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण कोण कुठल्या पोर्टला आहे याची यादी मागून घेऊन त्याने ती पुठ्ठ्यावर उतरवली आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवली.

गणपतीच्या दोन दिवस आधी कॅमेरेवाला नवा रेकॉर्डर घेऊन आला. "एक पॉइंट द्या हो," म्हणत तो रॅकपाशी गेला आणि रिकाम्या भोकाकडे हात नेला. बारक्या शिडीवरून घाईने उतरला.

"दादा, थांबा. तुमच्या पेटीत आयपी वाटायचं चालू आहे का?"

"असतं की. कॅमेऱ्यांना लागतं."

"कॅमेऱ्यांपुरतं आतल्या आत ठेवा. आमच्या वायरवर बंद करा, मग लावू."

कॅमेरेवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. त्याने पेटी काउंटरवर ठेवली, पडदा जोडला आणि मेनू उघडला. बारक्या त्याच्या खांद्याशी उभा राहून एकेक ओळ वाचत होता.